वजनकाटा

बार्शीच्या पुढं, बालाघाटाची शेवटची सोंड
सपाट रानात नाक टेकून बसते,
तिथं क्रशरच्या फाटकावर
नऊ वर्षं मी पावत्या फाडतोय.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ.
माझ्या खिडकीतून डोंगर एवढाच दिसतो.

दुपारी दोनला शिट्टी, मग सुरुंग.
आधी कपातला चहा थरथरतो,
आवाज नंतर.

तिम्मव्वा म्हणायची, दगडाला शीर असते,
तिच्यावर सुतकी बसली
की तो आपण होऊन उघडतो.
तुमच्या दारूला शीर कळत नाही.
फुटलं ते फुटलं,
राहिलंय तेही आतून खिळखिळं.
मी हसलो होतो.
तिनं घडवलेली जाती चार गावांत अजून फिरतात.

वरची सीताफळं आधी गेली.
मग त्यांनी मुठीत धरलेली माती.
मातीची पावती नसते,
ती नुसती कडेला लोटतात.

आणि पाऊसही आता ब्रासनं उतरतो.
मृग कोरडा, आर्द्रा कोरड्या,
श्रावणभर छत्री खुंटीला,
मग हस्तात एका रात्रीत
मंडलाच्या मापकात मावेना इतका.
मुरवून घ्यायला वर कुणी उरलं नव्हतं.

रेवणसिद्धनं गाडी चढावर लावली, चाकाला धोंडा.
“आज काय खरं नाही बघा साहेब,
ओढ्याला मातीचा वास मारायलाय.”
साडेतीनला आवाज झाला.
शिट्टी झाली नव्हती.

उजाडलं तेव्हा फाटक नव्हतं.
खाली भोगावती उसात शिरलेली,
पाण्याला आमच्या खडीची राख.
काटा मात्र जागेवर,
गाळाखाली, बॅटरीवर चालू.
लाल आकडे लुकलुकत होते:
एकेचाळीस हजार दोनशे साठ.

सवयीनं वही ओढली.
गाडी नंबर, काही नाही.
चालक, काही नाही.
माल: दगड, माती, सीताफळाचं खोड,
पिराजीच्या दारातला रांजण,
अख्खा.
कुठून, ते लिहायची गरज नव्हती.

निव्वळ काढायला
रिकाम्याचं वजन वजा करावं लागतं.
रिकामं म्हणून काय धरू?
पेन तसंच हातात,
मी नऊ वर्षांत पहिल्यांदा
खिडकीतून वाकून वर पाहिलं.