टिंब

इग्दिरच्या नगरपालिकेचं वाचनालय, मंगळवार आणि गुरुवार.
हीटरजवळची खुर्ची इल्गनची.
इल्गन असं मी लिहितो खरं, पण ते चूक आहे.
तो पहिला स्वर आपल्याकडे नाही;
इ म्हणायला निघावं
आणि घशातूनच परत फिरावं, तसा काहीतरी.

जर्दाळूच्या वखारीत एकोणीस वर्षं
तिने पेट्यांवर नावं घातली, सगळी थोरल्या अक्षरांत.
त्यांच्या लिपीत अक्षराला दोन उंच्या:
थोरली पाटीवर, धाकटी पत्रात.
आता वखारीत यंत्र आलंय,
आणि यंत्राशी बोलणारं माणूस हवंय म्हणाले.
म्हणून ती इथे. त्रेचाळिसाव्या वर्षी. वही घेऊन.

बेर्फिन शिकवते. वयाने हिच्या मुलीएवढी.
"अवतरणचिन्हांत ठेवलं की झाली स्ट्रिंग.
आत काय आहे ते कॉम्प्युटरला कळत नाही, तो नुसतं सांभाळतो.
आणि मोजणी शून्यापासून."
शून्यावी पेटी कुणी पाहिलीय,
असं इल्गन वहीत लिहिते, आणि खोडत नाही.

पहिला प्रोग्राम सोपा.
नाव विचार. कडेच्या मोकळ्या जागा छाट.
धाकटं कर. यादीत शोध.
यादी बेर्फिनने टाईप केलेली, अकरा नावं, नीट, धाकट्या अक्षरांत.
इल्गनने नाव दिलं. थोरलं, लेबलासारखं.
स्क्रीनवर आलं: असं कुणी नाही.

पुन्हा दिलं.
असं कुणी नाही.

धाकटं झालेलं नाव छापून पाहिलं, तर
दोन्ही बिनटिंबाच्या रेघांवर
एकेक टिंब येऊन बसलेलं,
विजेच्या खांबावर कावळा बसतो तसं, न विचारता.
ध चा मा झाला तर निदान
कुणीतरी कारस्थान केलं म्हणता येतं.
इथे तेही नाही.
ज्याने हे धाकटं करणं लिहिलं
त्याच्या गावात बिनटिंबाची धाकटी रेघ नव्हतीच, एवढंच.

बापाने नाव ठेवलं होतं अरासकाठच्या झाऊवरून,
खाऱ्या मातीत जो तग धरतो.
टिंब दिलं की झाड जातं.
उरतो आवाज, कशाचाच नसलेला.

शेजारी इस्मेत. कार्सची बस चालवायचा, आता निवृत्त.
त्याच्या थोरल्या अक्षरावर टिंब आधीपासूनच;
धाकटं करताना ते सुटून बाजूला झालं
आणि वेगळं मोजलं गेलं.
पाच अक्षरांचा माणूस सहा भरला.
"बायको म्हणतच होती, मी सुटत चाललोय."
वर्ग हसला. इल्गनही, जरा उशिरा.

मग तिने स्वतःच एक ओळ घातली:
धाकटं करण्याआधी,
जिथे थोरली बिनटिंबाची, तिथे धाकटीही बिनटिंबाची.
चालवलं.
असं कुणी नाही.

बेर्फिन वाकली. "बदललेलं नाव ठेवलंत कुठे?
स्ट्रिंग बदलत नसते, ताई.
रिप्लेस नवी देतं. जुनी होती तशीच राहते.
नवी धरायला डाव्या बाजूला काहीतरी लागतं,
एखादं नाव, आणि मध्ये बरोबरचं चिन्ह."

इल्गनने पेन खाली ठेवलं.
"जुनी तशीच राहते?"
"तशीच."
"कितीही वेळा केलं तरी?"
"कितीही."

तिने डावीकडे जागा केली, बरोबर घातलं, चालवलं.
सापडली. सातवी. यंत्राच्या हिशेबाने सहावी.
बेर्फिन हीटर बंद करायला उठली,
इस्मेत अजून स्वतःचं जास्तीचं अक्षर शोधत होता.

वहीच्या पुठ्ठ्यावर इल्गनचं नाव आहे, निळ्या शाईत,
प्रत्येक अक्षराखाली बारीक आकडा:
शून्य, एक, दोन, तीन, चार.
वर कुठेही टिंब नाही.

आणि मी इकडे
अजून ऱ्हस्व इच लिहितोय.