राखून ठेवलं

पहाटे साडेपाचला उघडणार होतं ते पत्र.
तिकडे समुद्रापार आदल्या दिवसाची संध्याकाळ,
इकडे सक्करदऱ्यात आठ डिग्री,
आणि पराते काकांची स्कूटर
किक खाऊन खाऊन थकलेली.
मी आईची शाल गुंडाळून जिन्यात बसले होते,
कारण जिन्यात रेंज येते
आणि रडलं तर आवाज गच्चीकडे जातो, घरात नाही.

रडले नाही. तशी सोयच नव्हती त्या पत्रात.
तीनदा वाचलं.
नाही, असं कुठेच लिहिलेलं नाही.
हो, असंही नाही.
तुमचा अर्ज पुढच्या फेरीत पुन्हा पाहू,
मार्चअखेर कळवू.
खाली सही, भल्या माणसाची असावी अशी,
गोल, घाई नसलेली.

"लागला काय नंबर?"
"नाही लागला."
"म्हणजे गेला?"
"गेलाही नाही."
"मग काऊन तोंड पाडून बसली?"
आईनं पोह्यांना फोडणी दिली.
मोहरी तडतडून थांबेपर्यंत
आम्ही दोघी गप्प.

सहाला भार्गवीचा फोन यायचा होता.
आला नाही, म्हणजे तिचं झालं.
सातला तिनं स्टेटस ठेवलं,
आठला काढून टाकलं.
त्या काढून टाकण्याचाच मला जास्त राग आला.

दुपारी क्लासला निघाले तर व्हरायटी चौकात बांबू.
डिसेंबर आहे, अधिवेशन आहे,
अर्धं शहर कुणाच्या तरी मोर्चासाठी अडलेलं.
हवालदार म्हणाला, थांबा.
मी म्हटलं, जाऊ देत नाही का?
"नाही कुठं म्हटलं मॅडम? थांबा म्हटलं."
मला इतकं हसू आलं
की पेट्या घेऊन अडकलेल्या ऑटोवाल्यानं
काळजीनं एक संत्रं पुढे केलं.
आंबट होतं. सगळं खाल्लं.

मोर्चात बायका होत्या, गुलाबी साड्यांच्या.
त्यांच्या कापडी फलकावर तारीख खोडून
शेजारी नवी घातलेली. कापड तेच, दरवर्षीचं.
खोडलेल्या तारखा मोजल्या. सहा.
मला माझ्या मार्चची थोडी लाज वाटली.
थोडीच.

बाबा रात्री उशिरा आले,
नखांत आमदार निवासाचा पिस्ता रंग.
जेवता जेवता ऐकून घेतलं सगळं.
मग म्हणाले, "आमच्याकडे होते असं.
मंत्र्याला उत्तर नाही जमलं
की अध्यक्ष म्हणतात, लक्षवेधी राखून ठेवली."
"मग काय होते तिचं?"
"कधी दोन दिवसांनी येते."
पाणी प्यायले. "कधी अधिवेशनच सरते."
माझा बाप खोटं रंगवत नाही,
भिंतीवरसुद्धा आधी पोपडे काढतो.
आई म्हणाली, "आणि हे भरीत
मी सकाळपासून कोणासाठी राखून ठेवलं?
खा मुकाट्यानं."

पत्राच्या शेवटी एक ओळ होती:
दरम्यान काही नवीन घडल्यास एका पानात कळवा.
रात्री पान उघडलं.
भौतिकशास्त्रात ब्याण्णव, असं लिहिलं.
तेवढ्यावर पान फारच पांढरं दिसायला लागलं.
मग लिहिलं:
सहा तारखा खोडलेलं एक कापड पाहिलं.
अनोळखी माणसाचं आंबट संत्रं संपवलं.
मैत्रिणीचं अजून अभिनंदन केलेलं नाही.

हे शेवटचं काही कॉलेजला कळवण्यासारखं नव्हतं.
खोडण्याआधी उरकून टाकावं म्हणून फोन घेतला.
छान झालं गं. स्टेटस परत ठेव. उद्या घरी ये,
पण पेढे नको आणू.

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या.
रात्रीचे पावणेदोन.
म्हणजे तीही जागीच होती.
तिला काय झालं होतं जागायला?