घडी मोडण्याचे नियम

बॉस्टनला, मासळीच्या गोदामाच्या डोक्यावर
आमचं प्रकाशन होतं: तीन टेबलं, एक टेलिफोन,
आणि मुद्रितं तपासायला मी, ऑड्रा बुटकस.
एकोणऐंशी साल. पावसाळी हवेत
कवितासंग्रहांनासुद्धा बांगड्याचा वास यायचा.

डेझमंड फोलीने हस्तलिखित आणलं ते बुटांच्या खोक्यातून.
त्याची आई सव्वीस वर्षं मार्बलहेडला
लॉकरिजांकडे स्वयंपाकाला;
हा दाराआड बटाटे सोलत, टिपणं काढत वाढला.

"नियम पहिला," त्याने उभ्या उभ्या वाचलं,
"नवं काही घालू नये. घडी मोडायचीच असेल
तर ती आजोबांनी मोडलेली असावी."

मालक गिल्डरस्लीव्ह इतके हसले
की चष्मा काढून पुसावा लागला त्यांना.

स्वेटर कोपरावर विरलेला चालेल, गळ्याशी नाही.
गाडी पंधरा वर्षांची, मागे ओला कुत्रा.
एकवीस खोल्यांच्या घराला म्हणावं खोपटं.
मुलीचं बारसं कुठल्याही नावाने होवो,
हाक मात्र मांजरीला मारावी तशी: टूटी, बिन्की, पिप.
घटस्फोट खपून जातो. चकचकीत बूट खपत नाहीत.
आणि पैसा म्हणजे घरातलं जुनं दुखणं,
सगळ्यांना ठाऊक, पाहुण्यांसमोर चकार शब्द नाही.

पान चोपन्नवर 'वारसांची निगा'च्या जागी
'वासरांची निगा' पडलं होतं.
मी लाल पेन उचललं.
डेझमंड म्हणाला, "असू दे. अर्थ कुठे बदलतोय?"

चौकड्यांचं मुखपृष्ठ, तीन हजार प्रती.
आम्ही वकिलाच्या नोटिशीची वाट बघत बसलो.

आलं ते लॉकरिजबाईंचं पत्र,
विजेच्या बिलाच्या उसवलेल्या पाकिटावर, पाठकोऱ्या बाजूला:
"बारा प्रती पाठवा, नाताळात वाटायला.
पान एकतीसवरचा कुत्रा आमचा आहे, नाव चुकलंय.
एकदम बारा घेतल्या तर सूट किती?"

मग सगळ्यांनीच मागवलं. संडासात, खिडकीच्या कट्ट्यावर,
मासेमारीच्या जुन्या अंकांशेजारी मानाची जागा मिळाली त्याला.
चिमटा काढायला गेला बिचारा,
तर त्यांनी दुसरा गाल पुढे केला,
वर विचारलं, "आमच्या मेव्हण्याला कधी काढतोस?"

सहावी आवृत्ती. आणि ओहायोहून एक चिठ्ठी,
टोलीडोचा कुणी लाइल हॉस्टेटर:
"साहेब, स्वेटर घेतला, अडतीस डॉलर पडले.
कोपरं पॉलिश पेपरने घासली, बुटांना चिकटपट्टी मारली.
तरी दारातच एका गृहस्थाने
स्वतःचा ओव्हरकोट माझ्या हातात दिला, वर पाव डॉलर.
माझं कुठलं पान वाचायचं राहिलं?"

डेझमंडने उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं.
पुढच्या आवृत्तीत त्याने एक कोरं पान मागितलं.
गिल्डरस्लीव्ह म्हणाले, "कागदाचे भाव बघ."
त्या पानावर शर्टवाल्याची जाहिरात गेली.

एका शनिवारी त्याची आई ऑफिसात आली.
मोजकं बोलणारी बाई, नाव हॅना.
माझ्या टेबलाशी बसून सबंध पुस्तक वाचलं तिने,
बोट ओळीखाली धरून,
एकदाही न हसता.

"विरलेलं आहे म्हणे," ती म्हणाली. "आपोआप विरतं होय?
दर थंडीत मी आतून रफू करायचे.
बाई वर चष्मा लावून बघायच्या,
एवढं भोक ठेव, हॅना, नाण्याएवढं, जास्त नको.
हे कुठे लिहिलंयस?"

डेझमंड खिडकीबाहेर ट्रक बघत होता.
मी मुद्रितं उगाच चाळली. नव्हतं कुठे.

तिने किंमत विचारली पुस्तकाची, बोटांवर काहीतरी मोजलं,
आणि हातमोजे चढवत लेकाला म्हणाली,
"तुझे पैसे आले ना, की मला एक कोट घे.
दुकानातला. नवाकोरा.
घडी मी मोडेन."