खांब क्रमांक नऊ

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
आमच्या विकीवर तीनशे बारा पानं उगवली.
भरतीच्या तक्त्याजागी जुगाराचे अड्डे,
खांबांच्या यादीत केस वाढवायचं तेल,
आणि ‘इन्स्टॉल कसं करावं’ या मथळ्याखाली
एक बाई, जिला फक्त आजच वेळ होता.

सुन्वा क्लाक्सविकमधून पुसत होती, मी तोर्शहाव्नमधून.
तिने एक पुसलं, मी एक पुसलं,
तेवढ्यात पाच नवी.
मग मी एकेक बघणं सोडलं, झाडूच फिरवला.
पहाटे साडेचारला तिचा निरोप: बास. कुलूप घाल.
घातलं.
एका चौकोनावर टिचकी, इतकंच.
असल्या दारांना बंद झाल्याचा आवाजही नसतो.

मग बैठक. सहा जण, एक थर्मास,
रोईने घरून आणलेलं वाऱ्यावर वाळवलेलं मटण.
मुद्दा एकच: लेखणी कोणाच्या हातात?
रोई म्हणाला, ज्याने कोड लिहिला त्याच्या.
सुन्वा म्हणाली, तुझ्याच पानावर लिहिलंयस,
‘बाकीचं उघड आहे’.
ते बाकीचं काय, हे विचारायला
वर्षाला चाळीस माणसं मला फोन करतात.
कोणी म्हणालं, अर्ज मागवू.
कोणी म्हणालं, ओळखीच्या दोघांची शिफारस.
कोणी म्हणालं, दारात एक प्रश्न ठेवू, यंत्राला न सुटणारा.
मी सुचवलं: आज वारा कुठून?
सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं
आणि चार उत्तरं आली.

कुलूप राहिलं. किल्ल्या सात.
सहा आमच्या. सातवी
कोणासाठी, ते ठरलं नाही.

मार्च ते सप्टेंबर
एक स्वल्पविराम हलला नाही.
मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.
सकाळी उघडून बघायचो,
जसं कोणी न वापरलेल्या बशा बघतं.

ऑक्टोबरात पाकीट आलं. खरं, तिकीट लावलेलं.
आत आमच्याच पानाची छापील प्रत,
तांबड्या पेन्सिलीने एक आकडा खोडलेला.
‘तुमच्या दाराला आतून कडी, म्हणून टपालाने.
खांब क्रमांक नऊ. नवा धक्का बांधताना
शून्याची खूण चौदा सेंटीमीटर वर गेली.
रंग मीच दिला होता.
तुमचा प्रोग्रॅम अजून जुन्या शून्यापासून मोजतो.
हाल्व्दान, पूर्वी बंदरात नोकरीला.’

मी पानाचा इतिहास उघडला.
मार्चच्या आधी एकोणीस वेळा एक निनावी हात:
शुद्धलेखन. एका गावाचं चुकलेलं नाव.
उघडा राहिलेला कंस मिटवलेला.
आणि त्याच रात्री, दोन चाळीसला,
जुगार आणि तेलाच्या मधोमध,
विसावी दुरुस्ती:
खांब नऊ, चौदा.

मीच पुसली होती. झाडूच्या एका फटकाऱ्यात.

सुन्वा म्हणाली, सातवी किल्ली त्यांना.
रोई काही बोलला नाही, मटण चघळत राहिला.
मी फोन केला.
‘किल्ली नको,’ हाल्व्दान म्हणाले,
‘किल्ली असली की रात्री उठून दार बघावं लागतं.
बत्तीस वर्षं बघितलं.
बाहेर एक फळी लावा, खडू ठेवा.
कोणीही लिहू दे.
खरं की खोटं, ते तुम्ही उजाडल्यावर बघा.’
आणि त्या रात्री जागे कसे होता?
‘या वयात झोप येते कुठे?’

आता प्रत्येक पानाखाली एक फळी आहे.
रोज सकाळी कॉफीबरोबर मी ती वाचतो, एकेक ओळ.
रोई म्हणतो, हा वेळेचा अपव्यय आहे,
आणि हिशेब मांडला तर त्याचं बरोबर निघेल.
आज एकतीस नोंदी.
तीस तेलाच्या.
एक: ‘खांब चार हलतो.’
खाली नाव नाही.

मी कोट चढवला.
खांब चार इथून चालत सात मिनिटांवर आहे.