कोगेल-मोगेल

रीत सोपी आहे.
बलक वेगळा काढायचा, वर दोन चमचे साखर,
आणि पेल्यात चमचा फिरवत राहायचं
मनगट कुरकुरेपर्यंत,
पिवळ्याचं पांढुरकं होईपर्यंत.
आमच्या सिलेशियात खोकल्याला हेच, परीक्षेला हेच,
आणि नात फिकट दिसली तर हेच.

ओतिल्का फिकटच होती.
शाळा सुटली की माझ्याकडे यायची,
दप्तर पायरीवर टाकून आधी खुराड्यापाशी.
कारखान्यातल्या जुन्या कपाटाचं खुराडं ते,
दारावर अजून माझा नंबर, चारशे सतरा.
आत फ्रेला, शिख्ता, कोक्सा
आणि एक लंगडी, जिला नाव ठेवायचं राहून गेलं.

जस्ताच्या भट्टीवर मी एकतीस वर्षं काढली.
भट्टी विझली, चिमणी पाडली,
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
धूळ बसायला दोन दिवस लागले.
तिसऱ्या दिवशी मी म्हणालो,
चला, आता हवा स्वच्छ. कोंबड्या पाळू.

दुकानातल्या अंड्यात काय असतं?
दिव्याखाली बसवलेली कोंबडी, तिला ऊन ठाऊक नाही.
माझ्या बायका मातीत नहातात,
गांडूळ ओढून काढतात दोरीसारखं,
म्हणून तर बलक असा, मोहरीच्या फुलाचा.
हे मी शेजारच्या एर्विनला दर आठवड्याला ऐकवायचो
आणि सहा अंडी द्यायचो. फुकट.

मग शाळेत मुलांचं रक्त तपासलं.
डॉक्टर कुबिचेकबाईंनी विचारलं, नळ जुने आहेत का?
खिडक्यांचा रंग उडालाय का?
मूल बोटं चोखतं का?
शेवटी, अंडी कुठली खाते?
घरची, म्हणालो मी. छाती जरा पुढे काढूनच.
बाईंनी पेन खाली ठेवलं.

अंडं चांगलंच हो, त्या म्हणाल्या,
हाडांना, डोळ्यांना, वाढत्या मेंदूला.
पण कोंबडी जे टिपते तेच देते.

सहा अंडी वर्तमानपत्रात गुंडाळून
बसने कातोवित्सेला नेली, मांडीवर, जपून.
पंधरा दिवसांनी कागद आला.
'शिसं' या शब्दापुढे एक आकडा,
त्याच्याखाली कुणीतरी रेघ मारलेली.

मी फावडं घेतलं.
गवताखाली तीन बोटं काळी माती,
त्याच्याखाली राखाडी.
ओळखली मी तिला.
एकतीस वर्षं डब्यावर, भुवयांवर, उशीच्या अभ्र्यावर
हीच तर बसायची.
मीच भट्टीतून वर पाठवलेली,
आणि मीच
साखर घालून, फेटून फेटून
पोरीच्या तोंडात.

एर्विन काही बोलला नाही.
कुंपणावरून रिकामा खोका परत दिला.

कोंबड्यांना कोण सांगणार?
त्या रोज घालतात. रोज ओरडून सांगतात.
ऊबदार अंडी मी कचऱ्यात टाकतो,
झाकण लावताना आवाज होऊ देत नाही.
एखादं मात्र उकडतो.
मीठ लावून, उभ्याने, खिडकीकडे पाठ करून खातो.
माझ्या हाडांत सगळ्या पाळ्या भरलेल्याच आहेत,
एकाने काय व्हायचंय.

ओतिल्काला आता दुकानातलं फेटून देतो,
कवचावर लाल शिक्का असलेलं.
ती पेल्यात वाकून बघते, म्हणते,
आजोबा, हे तर आधीपासूनच पांढरं आहे.
तिचा आकडा उतरतोय. हळूहळू.

एप्रिलमध्ये ट्रकभर माती आणवली,
दूरच्या गावची, तपासलेली,
पेन्शनचे तीन महिने.
खुराड्याभोवती दोन हात जाड पसरली,
खाली जाड कापड, चारी बाजूंना फळ्या.
तिघी नव्या मातीत लगेच लोळल्या.

लंगडी लोळत नाही.
ती एकच कोपरा धरून
चांगल्या पायाने उकरत असते,
थांबते, मान तिरकी करून आत बघते,
पुन्हा उकरते.
मी पायरीवर बसून तिच्यावर नजर ठेवतो.
कापड अजून बरंच खाली आहे.
तिला घाई नाही.