उरलेला पाइप

निकेत कोयंड्याने पिकअप आणून लावली
माझ्या शेडसमोर, माशाचं पाणी गळत होतं मागून,
आणि म्हणाला, "हेका जरा राकट करून दी."
राकट म्हणजे किती, मी विचारलं.
त्याने मोबाइल पुढे धरला:
कुठल्याशा वाळवंटात एक गाडी
दात विचकून उभी.

पस्तीस वर्षं मी ट्रॉलर जोडतोय.
विंचचे दात, सुकाणूचं पातं, पंख्याभोवतीचा पिंजरा,
दर्या जे मोडतो ते.
भीती वाटेल असं काही कर, म्हणून
आजवर कुणी आलं नव्हतं.

पण पोराचा आवाज बारीक.
करूळ घाटात वरून येणारे ट्रक त्याला बाजू देत नाहीत.
कोल्हापूरच्या बाजारात काटेवाला "ए बारक्या" म्हणतो
आणि बर्फ वितळेपर्यंत थांबवतो.
हे त्याने नाही सांगितलं,
टायर काढता काढता क्लीनर बोलला.

चार दिवस लागले.
कमानींखाली ठोकळे, टायर जाड खाचांचे,
धरून गाडी चांगली वीतभर उचलली.
पुढे अडीच इंची पाइपाचा बुलगार्ड
(आरटीओचं मी बोललो, तो म्हणाला, बघू).
दिव्यांवर पत्र्याच्या भुवया, रागावलेल्या.
पांढरा रंग घासून काळा मारला,
चमक नसलेला, तव्याच्या बुडासारखा.
आणि काचेच्या कडेने वर गेलेली श्वासाची नळी.
ती नुसती चिकटवली. आत भोकच नाही.
"पाण्यात घालतलस काय कधी?"
"पाण्यात घालूक होडी आसा माझ्याकडे," म्हणाला.

गाडी बाहेर निघाली तेव्हा
चहावाल्याचा कुत्रा उठून भुंकला.
निकेत खूश.

दुसऱ्या पहाटे मी जेटीवर होतो,
कुणाच्या तरी गिअरबॉक्ससाठी.
लिलाव सुटला. सुलक्षणा, त्याची आवस,
बांगड्याचा क्रेट उचलून आली
आणि रोजच्या सवयीने, न बघता, हौद्यात ठेवायला गेली.
क्रेट फाळक्याच्या खाली आपटला.
बर्फ सांडला, बांगडे सांडले.
"मेल्या, गाडी हाडलंस काय गलबत?
आता हेच्यात मी चढा कशी?"
सगळी जेटी हसली.
निकेत उतरून बांगडे वेचू लागला, मान खाली,
त्या टायरांपाशी केवढासा.

तिने एक क्रेट पालथा घातला.
सत्तावीस क्रेट चढवले,
सत्तावीस वेळा वर, तितक्याच वेळा खाली,
आणि पालथा क्रेट दर वेळी डुगडुगत होता.
पुढच्या भुवया तिने पाहिल्याच नाहीत,
तिचं काम मागच्या बाजूला.

संध्याकाळी मी गाडी परत बोलावली,
एक वायर राहिली म्हणून.
वायर राहिली नव्हती.
बुलगार्डातला हातभर पाइप उरला होता,
त्याची फाळक्याखाली पायरी केली.
उंची कुणाला विचारणार?
बायकोला म्हटलं, ओट्यावर पाय टाक बघू,
साडीला ताण न देता.
तिथे खडूची खूण केली.
बिलात लिहिलं नाही.

तीन महिन्यांत खाऱ्या वाऱ्याने आपलं काम केलं.
भुवयांच्या कडा तांबूस झाल्या,
बुलगार्डाच्या सांध्यांना गंज आला, माझ्याच सांध्यांना.
नळी गगनबावड्याच्या अलीकडे कुठेतरी गळून पडली.
काटेवाला आता "ए काळी गाडी" म्हणतो,
बर्फ तसाच वितळतो.

काल आला. "सगळो रंग परत मार.
आणि ती मागची पायरी पण.
एकटीच चकाकता, बरी दिसणा नाय."
मी वाकून पाहिलं.
पाइपाच्या मधोमध, पावलाएवढ्या जागेत
रंग नाही, गंजही नाही,
आदोळीच्या पात्यासारखं लख्ख लोखंड.

मारतो, म्हटलं.
थंय टिकाचो नाय.