येण्याचे कारण

गाव दिसायच्या आधी शिंक आली.
मग दुसरी. मग डोळ्यांत पाणी,
आणि त्या पाण्यातूनच पहिल्यांदा दिसलं नंदुरबार:
रस्त्याच्या दोन्ही अंगांना जमिनीवर अंथरलेलं लाल,
एकराएकरानं लाल,
त्यात तोंडाला फडकी बांधून वाकलेल्या बाया,
मिरच्या पालथ्या घालत.
पथारी म्हणतात इथे.
मलाही नेमकी तीच हवी होती,
कुठेही, कशाचीही.

नदी काल प्रकाशाला सोडली.
घाटाच्या शेवटच्या पायरीवरून तिला म्हटलं,
दोन दिवसांनी येते, तू हो पुढे.
ती झालीच होती.

एक बाई सरळ झाली, फडकं हनुवटीखाली ओढलं.
“कथाईन उनी व माय?”
मी मुलताई सांगितलं, मग एकोणतीस दिवस सांगितले.
“पायी पायी? येष्टीमा काय काटा शेतस का?”
सगळ्या हसल्या. मीही हसले आणि शिंकले,
त्यावर पुन्हा हसल्या.
तुम्हाला नाही येत शिंका?
“आमन्या त कव्हयच सरी ग्यात.”
असं म्हणून ती परत वाकली.

स्टेशनाजवळच्या लॉजात मुरारभाईंनी विचारलं, डबल?
मी हो म्हणाले. भुसावळपर्यंत डबलच लागायची.
तिथे हेमांगिनीचा गुडघा म्हणाला, पुरे,
आणि ती गाडीत बसली,
खिडकीतून मला तिची काठी दिली, वर सुपारीची डबी.
आता एका खाटेवर मी,
दुसरीवर सॅक झोपलीय, उशी घेऊन.

रजिस्टरात रकाने: नाव, वय, कुठून, कुठे, येण्याचे कारण.
वरच्या ओळींत लग्न, मिरची, मिरची,
कोर्ट, मिरची, लग्न.
पेन धरून बराच वेळ उभी राहिले.
शेवटी लिहिलं: पाय.
मुरारभाईंनी वाचलं, चष्मा वर सरकवला,
खाली वाकून एकदा खात्री केली
आणि शिक्का मारला.

पहिल्या बादलीत प्रकाशाची माती गेली,
दुसरीत त्याआधीची गावं.
तिसऱ्या बादलीला पाणी पाण्यासारखं दिसलं
आणि मला जरा वाईट वाटलं.

खानावळीत कळण्याची भाकर, शेवभाजी.
पाणी मागितलं, ते तिखट लागलं. 
ग्लास नाही, माझी बोटंच.

रात्री पायांना झोपेचं पटेना.
गादीवर आडवे पडूनही चालत राहिले,
एक पोटरी ओढा ओलांडत होती,
टाच अजून कुठल्याशा बांधावर.
दीडला भुसावळची पॅसेंजर आली.
चार तास. मला अकरा दिवस.
हिशेब काढायला घेतला
आणि तो अर्ध्यात टाकून कूस बदलली.

सकाळी गच्चीवरचे मोजे कडकडीत वाळलेले.
घातले, आणि दुसऱ्याच मिनिटाला
दोन्ही पाय पेटले.
रात्रभर वारा पथारीवरून आला होता.
मी जिन्यात बसून मोजे ओरबाडतेय,
तर जासूदबेन शेंगदाण्याच्या तेलाची वाटी घेऊन हजर,
जणू रोज कुणीतरी असंच ओरडतं.
पाण्यानं नाही जायचं, म्हणाल्या, तेलानंच.
माझा पाय मांडीवर घेतला.
फोड बघितले, काळं पडलेलं नख बघितलं,
आणि विचारलं ते एवढंच:
त्या दुसऱ्या बाई कधी येणार?

फोन लावला. हॅलो म्हणायच्या आत शिंकले.
पलीकडे क्षणभर काहीच नाही,
मग हेमांगिनी म्हणाली, नंदुरबार.
हो.
नदी?
गेली पुढे.
मग तू काय करतेयस?
मी पायाकडे बघितलं.
तेल हळूहळू आत मुरत होतं,
जिन्याच्या पायरीवर टाचेचा एक ओला ठसा,
आणि खाली कुणीतरी नवीन गिऱ्हाईक
रजिस्टरावर वाकून
विचार करत होतं.